यंत्राला काम सांगण्याची रीत
(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचें निमंत्रण आलें तेव्हां मी प्रथम तें नाकारणारच होतों. संगणकशास्त्राशीं माझा कधीं संबंध आला नाहीं. एका सहकारी पतसंस्थेच्या कचेरींत तीस वर्षें पत्रांचे मसुदे करावे, इतरांनीं केलेले मसुदे दुरुस्त करावे आणि शेवटीं त्यांखालीं सही करावी, हाच माझा उद्योग. कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या विषयावर अशा माणसानें काय बोलावें? पण विचार करतां करतां लक्षांत आलें कीं, हीं नवीं भाषायंत्रें आज ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतून ज्या कामाला लागलीं आहेत, तें काम माझ्या चांगलें परिचयाचें आहे. आपल्या मनांतील गोष्ट दुसऱ्याला नीट सांगावयाची आणि ती त्याच्याकडून लिहवून घ्यावयाची, हें मीं जन्मभर केलें. आणि या नव्या लेखनिकाला काम सांगतांना मीं जी एक चूक केली, तिची किंमत एका तिसऱ्याच माणसाला भरावी लागली. ती हकीगत आणि तींतून मी जें शिकलों तें आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

या यंत्राला आपण जें सांगतों त्याला प्रॉम्प्ट असें म्हणतात. नाटकाच्या प्रेक्षकांना हा शब्द अगदींच नवा वाटूं नये. रंगभूमीवर नट अडला कीं विंगेंतून हलक्या आवाजांत त्याला पुढचा शब्द सुचविणारा जो गृहस्थ असतो, तो प्रॉम्प्टर. परंतु नाटकांतला नट आणि हें यंत्र यांत एक मोठा भेद आहे. नटाची संहिता अगोदर लिहिलेली असते, आणि शब्द आठवला नाहीं तर तो थांबतो. त्याची ती घुटमळ प्रेक्षकांनाहि कळते. या यंत्रापाशीं आपल्या नाटकाची संहिता नसते, आणि तें सहसा घुटमळतहि नाहीं. विंगेंतून आलेला एखादा शब्द घेऊन तें पुढचा सारा प्रवेश मोठ्या झोकांत म्हणून दाखवितें. ऐकणाऱ्याला वाटतें, नाटक असेंच लिहिलेलें असावें.

आतां माझी हकीगत सांगतों. गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडाशीं आमच्या एका ठेवीदाराच्या पत्नीचा अर्ज आला. यजमान वारले होते. त्यांच्या नांवावरची मुदतठेव आपणांस मिळावी, अशी मागणी होती. सोबत मृत्यूचा दाखला होता, ठेवपावती नव्हती. त्या दिवशीं माझ्या टेबलावर कागदांचा ढीग पडलेला होता. कचेरींत भाषायंत्र नुकतेंच आलें होतें. मीं त्याला एका ओळींत काम सांगितलें: 'दिवंगत ठेवीदाराच्या पत्नीला कागदपत्रें अपुरीं असल्याचें नम्र पत्र लिहा.' अर्ध्या मिनिटांत पत्र तयार झालें. भाषा गोड, परिच्छेद रेखीव, अखेरीस सहानुभूतीचें एक वाक्य. मीं वाचावयास घेतलें तों पहिल्याच ओळींत 'सौ.' असें दिसलें. ज्या बाईंचे यजमान दोन महिन्यांपूर्वीं गेले, त्यांना संस्थेच्या कागदावरून सौभाग्यवती म्हणावयाचें! मीं तें ताबडतोब खोडून 'श्रीमती' केलें. आणि आपण पत्र बारकाईनें तपासलें, अशा समाधानांत खालीं सही केली.

तपासलें नव्हतें. दुसऱ्या परिच्छेदांत यंत्रानें असें घातलें होतें कीं, सक्षम न्यायालयाचा वारस-दाखला तीस दिवसांच्या आंत सादर करावा, अन्यथा मागणीचा विचार केला जाणार नाहीं. असा नियम आमच्या संस्थेंत नाहीं. त्या बाई खात्यावर नामनिर्देशित होत्या. त्यांना न्यायालयाची पायरी चढण्याचें कारणच नव्हतें. मूळ पावती, ओळखपत्राची प्रत आणि एक सही, एवढ्यावर काम होणार होतें.

पांच आठवड्यांनंतर त्या कचेरींत आल्या. हातांत एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यांत वकिलानें दिलेली पावती, कोर्टाच्या अर्जाची प्रत आणि तालुक्याच्या चार खेपांचीं एस. टी. चीं तिकिटें होतीं. एकूण एक कागद जपून ठेवलेला. त्या म्हणाल्या, "दाखला अजून मिळाला नाही, साहेब. तुमची मुदत तर टळली. पैसे बुडाले का, तेवढं सांगा."

श्रोतेहो, त्या प्रश्नाला उत्तर देतांना माझी काय अवस्था झाली, तें सांगत बसत नाहीं. ठेव त्यांना मिळाली. संचालक मंडळापुढें मीं माझी चूक लेखी मांडली, आणि त्यांचा झालेला खर्च संस्थेनें भरून दिला. परंतु पांच आठवडे 'आपले पैसे बुडणार' या चिंतेंत एका वृद्ध स्त्रीनें ज्या रात्री काढल्या, त्या कोणत्या खात्यांतून भरून द्यावयाच्या?

त्यानंतर मीं या यंत्राविषयीं जाणत्या लोकांना विचारून माहिती मिळविली. या यंत्रांची आजची रचना मुख्यतः २०१७ सालीं गूगलच्या संशोधकांनीं मांडलेल्या एका पद्धतीवर उभी आहे, आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी लोकांसाठीं खुलें झालें तेव्हांपासून तीं सामान्य माणसाच्या हातीं आलीं. अफाट मजकूर वाचवून या यंत्राला एक गोष्ट शिकविलेली असते: आतांपर्यंत आलेल्या शब्दांवरून पुढें कोणता शब्द, किंवा शब्दाचा कोणता तुकडा, येणें संभवतें याचा अंदाज करणें. पुढें त्याला प्रश्नांचीं उपयुक्त उत्तरें देण्याचें वळण लावतात; परंतु पाया हाच. म्हणजे आपण जें लिहितों, तें त्याच्या लेखी एका मजकुराचा आरंभ असतें. त्याला साजेसा उत्तरार्ध तें रचतें.

हें कळल्यावर माझ्या पत्राचें कोडें सुटलें. मयताच्या ठेवीविषयींच्या पत्रांतून वारस-दाखला आणि तीस दिवसांची मुदत हे शब्द वारंवार येतात. माझ्या एका ओळींत आमचे नियम नव्हते, नामनिर्देशनाचा उल्लेख नव्हता, कोणता कागद कमी आहे तेंहि नव्हतें. जी जागा मीं रिकामी सोडली, ती यंत्रानें अशा पत्रांत जें बहुधा असतें त्यानें भरून काढली. 'पत्नी' या शब्दामागोमाग 'सौ.' आलें, तेंहि त्याच न्यायानें.

यावरून मला चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाची एक आठवण सुचते. त्यानें एकोणिसाव्या शतकांत गणितयंत्राची कल्पना मांडली, तेव्हां पार्लमेंटच्या सभासदांपैकीं कोणी त्याला विचारलें कीं, यंत्रांत चुकीचे आंकडे घातले तर उत्तर बरोबर येईल काय? असा प्रश्न सुचण्याइतका विचारांचा गोंधळ माणसाच्या डोक्यांत कसा होतो, याचें बॅबेजला मोठें नवल वाटलें, असें त्यानें १८६४ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे. आपली आजची अडचण त्याहून अवघड आहे. बॅबेजच्या यंत्रांत कांहींच घातलें नाहीं, तर त्यांतून कांहींच निघालें नसतें. या यंत्रांत अपुरें घातलें तरी पुरें, नीटनेटकें, सही करण्याजोगें पत्र बाहेर येतें. पोकळी कोठें होती, हें त्या पत्रावरून ओळखतां येत नाहीं.

मग काम सांगावें कसें? पुष्कळांची समजूत अशी कीं, याचे कांहीं गुप्त मंत्र आहेत. 'तूं जगांतला श्रेष्ठ तज्ज्ञ आहेस' असें आरंभीं म्हटलें कीं यंत्र शहाणें होतें, असें सांगणारे लोक भेटतात. अशा वाक्यानें लेखनाचा सूर थोडा बदलेल. पण जी माहिती दिलेलीच नाहीं, ती त्यानें यावयाची नाहीं. कचेरींत नवा, हुषार, पण परगांवाहून आलेला उमेदवार पहिल्या दिवशीं समोर बसला असतां आपण त्याला काय काय सांगूं, तेवढें या यंत्राला सांगावें. त्या उमेदवाराला भाषा येते, जगाचें ज्ञान आहे. पण आपली संस्था, आपलें गिऱ्हाईक आणि कालचें प्रकरण यांतलें त्याला कांहीं ठाऊक नाहीं. शिवाय तो असा भिडस्त आहे कीं, न समजलें तरी आपण होऊन सहसा विचारावयाचा नाहीं.

अशा उमेदवाराला पहिली गोष्ट सांगावयाची ती ही कीं, लिहिलेलें कोण वाचणार आहे. इमारतीच्या पाण्याची टांकी धुण्याची सूचना सभासदांसाठीं वेगळी आणि ती धुणाऱ्या कंत्राटदारासाठीं वेगळी. दुसरी गोष्ट, तें वाचून त्यानें काय करावें अशी आपली इच्छा आहे. शाळेंतल्या शिक्षिकेनें 'अपूर्णांकांवर प्रश्न काढा' एवढेंच म्हटलें तर प्रश्न येतील. पण 'पांचवीचीं मुलें छेद निरनिराळे असतां अंशांचीच बेरीज करून मोकळीं होतात, ती चूक उघडकीस यावी असे सहा प्रश्न काढा,' असें म्हटलें तर उपयोगाचे प्रश्न येतील. तिसरी गोष्ट म्हणजे प्रकरणांतील वस्तुस्थिति: तारखा, रकमा, नियमाचें कलम, अगोदर काय घडलें तें. चौथी गोष्ट मर्यादांची: लांबी किती, काय घालावयाचें आणि काय घालावयाचें नाहीं. येथें एक अनुभव सांगतों. नुसतें 'क्लिष्ट लिहूं नको' म्हणण्यापेक्षां 'एका वाक्यांत एकच गोष्ट सांग, आणि घरांत वापरतात ते शब्द वापर' असें म्हटल्यानें काम अधिक चांगलें होतें. काय टाळावें एवढेंच कळलेला माणूसहि चांचपडतो.

आणि शक्य तेथें कारण सांगावें. हुकूम देतांना कारण कशाला, असें म्हणणाऱ्यांनीं शिवाजी महाराजांनीं १६७४ च्या सुमारास चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना पाठविलेलें प्रसिद्ध पत्र अवश्य वाचावें. दाणावैरण जपून वापरा, एवढें लिहून महाराज थांबत नाहींत. आतां उधळपट्टी केली तर भर पावसाळ्यांत वैरण संपेल, घोडीं मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या दाण्याला आणि भाजीपाल्याला हात घालाल, आणि त्यांना तुमच्यापेक्षां मोगल बरे वाटूं लागतील, अशी सारी परंपरा ते उलगडून दाखवितात. आगीची काळजी घ्या, हें सांगतांना रात्रीं जळत राहिलेल्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, येथवर ते बारकावा नेतात. कारण समजलेल्या माणसाला हुकुमांत नसलेला प्रसंग आला तरी काय करावें तें उमगतें. यंत्राच्या बाबतींत 'उमगतें' हा शब्द वापरावा कीं नाहीं, हा वाद पंडितांनीं करावा. पण कारण लिहिलें असतां त्याचें उत्तर कारणाला धरून येतें, हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे. 'पत्र लहान असावें' असें म्हटल्यावर तें वाटेल तो मजकूर गाळतें. 'पत्र लहान असावें, कारण तें दुसऱ्याकडून वाचून घेतलें जाणार आहे' असें म्हटल्यावर वाक्यें सुटसुटीत होतात आणि महत्त्वाची गोष्ट वर येते.

नमुन्याचा उपयोगहि फार आहे. २०२० सालीं जीपीटी-३ या यंत्राच्या कर्त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, प्रॉम्प्टमध्येंच दोन-चार सोडविलेलीं उदाहरणें ठेवलीं तर यंत्राला नव्यानें न शिकवितांहि तें तशा प्रकारचें काम अधिक चांगलें करतें. आपल्या जुन्या कचेऱ्यांतून नवा कारकून अशाच रीतीनें तयार होत असे. त्याला नियमांचें पुस्तक देण्यापूर्वीं मागच्या वर्षींचीं चांगलीं चार पत्रें काढून देत. मराठींत काम करणारांनीं तर नमुना द्यावाच. या यंत्रांच्या वाचनांत इंग्रजी मजकुराचा भाग फार मोठा असल्यामुळें त्यांची मराठी पुष्कळदां मनांतल्या मनांत भाषांतर केल्यासारखी उमटते. 'हें पत्र आपल्याला चांगल्या स्थितींत सापडेल अशी आशा आहे,' असें वाक्य मीं स्वतः वाचलें आहे. पत्र सांपडावयाला तें हरवलें होतें कीं काय, कोण जाणे! आपल्या पद्धतीचीं दोन पत्रें समोर ठेवलीं, तर असले प्रकार बरेच कमी होतात.

कागद लांब असेल तर त्याची मांडणीहि पाहावी. २०२३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांना असें आढळलें होतें कीं, लांबलचक मजकुराच्या आरंभींची आणि शेवटची माहिती यंत्र चांगली उचलतें, मधली पुष्कळदां निसटते. तेव्हांपासून यंत्रें सुधारलीं आहेत. तरीहि मोठा अहवाल दिल्यावर आपला प्रश्न अखेरीस पुन्हा स्पष्ट लिहावा, आणि अहवाल कोठें संपतो व आपली सूचना कोठें सुरू होते हें वेगळें दाखवावें, हें हिताचें. नाहींतर अहवालांतलेंच एखादें आज्ञार्थी वाक्य यंत्र आपली आज्ञा समजून पाळावयाचें. हिशेबाच्या किंवा अनेक अटींच्या कामांत पायरीपायरीनें विचार मांडावयास सांगावें. त्यानें उत्तरें सुधारतात असें २०२२ सालच्या प्रयोगांतून दिसून आलें. आजचीं कांहीं यंत्रें न सांगतांहि तसें करतात. तथापि पायऱ्या डोळ्यांसमोर असल्या म्हणजे पाहणाऱ्याला चूक कोणत्या पायरीवर झाली तें शोधणें सोपें जातें.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. वस्तुस्थिति द्यावी असें मीं म्हटलें, त्याचा अर्थ गिऱ्हाइकाचें नांव, खाते-क्रमांक, आधार-क्रमांक, आजाराचा तपशील हें सारें यंत्रापुढें ओतावें असा नव्हे. पत्र लिहिण्यासाठीं 'ठेवीदाराच्या पत्नी' एवढें पुरतें; नांव आपल्या हातानें मागाहून घालतां येतें. लोकांच्या खाजगी माहितीच्या रक्षणासाठीं आपल्या देशांत २०२३ सालीं कायदा झाला आहे. कायदा नसता तरी लोकांनीं विश्वासानें दिलेली माहिती जपणें हा कचेरीचा जुना धर्मच आहे.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. माहिती कमी पडली तर कल्पनेनें भरूं नये, आधीं विचारावें, असें या यंत्राला स्पष्ट शब्दांत सांगावें. माझा उमेदवार भिडस्त आहे असें मीं मघांशीं म्हटलें. त्याची भीड आपणच मोडली पाहिजे. तरीहि एवढ्यानें निश्चिंत होऊं नये. न्यूयॉर्क येथील एका वकिलानें विमान-कंपनीविरुद्धच्या दाव्यांत या यंत्राकडून पूर्वींचे निवाडे मागविले, आणि ते न्यायालयांत सादर केले. ते निवाडे कधीं झालेलेच नव्हते. विशेष हें कीं, 'हे खरे आहेत ना?' असें त्यानें यंत्रालाच विचारलें होतें, आणि यंत्रानें होकार दिला होता. जून २०२३ मध्यें न्यायाधीशांनीं त्या वकिलांवर पांच हजार डॉलरांचा दंड बसविला. साक्षीदाराच्या खरेपणाची चौकशी त्याच साक्षीदाराकडे करावयाची नसते. नियम नियमांच्या पुस्तकांत पाहावा, रक्कम खातेवहींत पाहावी, आणि निवाडा न्यायालयाच्या दप्तरांत पाहावा.

आतां त्याच कामासाठीं मीं दुसऱ्यांदा जो प्रॉम्प्ट लिहिला, तो वाचून दाखवितों. तशाच दुसऱ्या एका प्रकरणासाठीं तो लिहिला होता.

'आमची एक लहान सहकारी पतसंस्था आहे. एका दिवंगत ठेवीदाराच्या पत्नीला पत्र लिहावयाचें आहे. त्यांचें वय सत्तरीच्या पुढें आहे आणि शिक्षण थोडें आहे. पत्र बहुधा शेजारचें कोणी वाचून दाखवील, म्हणून वाक्यें लहान आणि शब्द घरगुती असावेत. मायन्यांत श्रीमती लिहावें. त्या खात्यावर नामनिर्देशित आहेत. मृत्यूचा दाखला आम्हांला मिळाला आहे. आतां दोनच गोष्टी हव्या आहेत: मूळ ठेवपावती, आणि ओळखपत्राची प्रत. त्या घेऊन सोमवार ते शुक्रवार सकाळीं अकरा ते दुपारीं तीन या वेळांत एकदां यावें. यांखेरीज कोणताहि कागद, मुदत, शुल्क किंवा अट पत्रांत घालूं नये. पैसे सुरक्षित आहेत, हें पहिल्या दोन वाक्यांत सांगावें, कारण त्यांना तीच चिंता असणार. शब्द शंभराच्या आंत. सोबत आमचीं पूर्वींचीं दोन पत्रें नमुन्यादाखल दिलीं आहेत. कांहीं माहिती अपुरी वाटल्यास पत्र लिहिण्यापूर्वीं मला प्रश्न विचारावे.'

यंत्रानें एक प्रश्न विचारला: पावती हरवली असेल तर त्यांनीं काय करावें? हा प्रश्न मला सुचला नव्हता. मीं त्याचें उत्तर दिलें, आणि मग जें पत्र आलें त्यांत एक शब्द बदलून मीं सही केली. या वेळीं मात्र ओळ न् ओळ खात्याच्या कागदांशीं ताडून पाहिली होती.

परंतु श्रोतेहो, या दुसऱ्या प्रॉम्प्टनें मला जें शिकविलें तें यंत्राविषयीं थोडें आणि माझ्याविषयीं अधिक होतें. 'त्या खात्यावर नामनिर्देशित आहेत,' हें वाक्य लिहिण्यासाठीं मला खातेवही उघडावी लागली. 'दोनच गोष्टी हव्या आहेत,' हें लिहिण्यासाठीं नियम पाहावे लागले. 'त्यांना तीच चिंता असणार,' हें लिहिण्यासाठीं क्षणभर त्या बाईंच्या जागीं बसावें लागलें. पहिल्या वेळीं यांपैकीं कांहींच मीं केलें नव्हतें. कोणता कागद कमी आहे, हें त्या दिवशीं मलाहि नक्की ठाऊक नव्हतें. 'कागदपत्रें अपुरीं' या गुळमुळीत शब्दांखालीं मीं माझें अज्ञान झांकलें होतें. पूर्वीं असा गुळमुळीत शेरा मारला तर हाताखालचा जुना कारकून फाईल घेऊन परत येई आणि विचारी, "साहेब, यांत नक्की काय लिहूं?" त्याच्या त्या प्रश्नानें माझ्या कितीतरी चुका वांचविल्या असतील. आज तो प्रश्न आपला आपणच स्वतःला विचारावयाचा आहे, आणि चांगला प्रॉम्प्ट लिहिणें म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर कागदावर मांडणें होय.

आपण म्हणाल, एवढें सगळें लिहावयाचें तर मग पत्रच आपण कां लिहूं नये? एका पत्रासाठीं हा आक्षेप खरा आहे. तेथें खुशाल स्वतः लिहावें. पण असाच प्रॉम्प्ट एकदां नीट तयार केला, तर पुढच्या तशा प्रत्येक प्रकरणांत त्यांतल्या तीनचार गोष्टीच बदलाव्या लागतात. आमच्या कचेरींत आतां असे बारा प्रॉम्प्ट एका वहींत लिहून ठेवलेले आहेत. नव्या मुलींना कामाची ओळख करून देतांना आम्ही ती वहीच वाचावयास देतों, कारण संस्थेचे नियम आणि लोकांशीं वागण्याची रीत तींत एकत्र सांपडते. वाचलेला वेळहि थोडाथोडका नाहीं. तो आम्ही समोर आलेल्या माणसाशीं बोलण्यांत घालवितों.

त्या दिवशीं निघण्यापूर्वीं त्या बाईंनीं तें पहिलें पत्र पिशवींतून काढून माझ्यापुढें ठेवलें होतें आणि विचारलें होतें, "हे कुणी लिहिलं होतं, साहेब?" यंत्राचें नांव सांगणें सोपें होतें, आणि तें एका अर्थीं खोटेंहि नव्हतें. पण पत्राखालीं सही माझी होती. मीं सांगितलें, "मावशी, मीच लिहिलं होतं. चूक माझी." त्यांनीं पत्राची घडी घातली, पिशवींत परत ठेवली आणि म्हणाल्या, "बरं. पुढच्या बाईला नीट लिहा."

तेंच करण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहों. आपणहि कराल अशी आशा बाळगून आजच्यापुरती आपली रजा घेतों.